उचकी

केगावच्या माळावर मे महिन्यात
डीप फ्रीजरसुद्धा धापा टाकतो.
सकाळपासून लाइट नाही.
उणे ऐंशीचा आकडा चढत चढत उणे एकसष्टवर आलाय
आणि मी बाजूला स्टूल टाकून बसलेय,
आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी.
मांडीवर बढतीचा अर्ज.
रकाना नऊ : प्रसिद्ध शोधनिबंध. एकोणीस.
रकाना दहा : इतरांनी केलेले उल्लेख.

अम्मा म्हणायची, उचकी लागली
की कुणीतरी आठवण काढलेली असते.
एकेक नाव घेत जायचं,
बरोबर नाव आलं की थांबते.
मला ईमेलवर लागते उचकी.
आपल्या निबंधाचा उल्लेख झाला आहे.
कोण? कुठला?
पाणी पिऊन बघते.

विडी कामगारांच्या पेशींवरचा तो एक निबंध,
त्याचे एकतीस.
त्यातले सहा माझेच,
स्वतःच स्वतःची आठवण काढलेली.
ते वजा करा, असं तळटीपेत बारीक अक्षरात आहे.
ब्राझीलच्या एकाने गाजुलचं गाझुलो केलं;
पोर्तुगीज वाटते मी त्यात, बरी दिसते.
बाकीच्यांनी एकाच वाक्यापुरतं नाव घेतलंय,
तेही एकमेकांचं बघून,
उखाण्यात घेतात तसं, यमक जुळावं म्हणून :
तंबाखूच्या धुळीने पेशींना इजा होते, संदर्भ बारा ते एकोणीस.
मी त्या बारा ते एकोणीसमध्ये कुठेतरी,
गड्ड्याच्या जत्रेत हात सुटलेल्या पोरीसारखी.

फक्त तुर्कस्तानातल्या एका बाईने
दीड पान माझ्याविरुद्ध लिहिलं.
नमुने थोडे. वय नीट धरलं नाही. चूल धरली नाही.
खरंच, चूल धरली नव्हती मी.
अठ्ठावन्न घरांत धूर खात बसले होते
आणि चूल धरली नव्हती.
इतकं जवळून मला कुणी वाचलं नव्हतं.
त्या रात्री उचकी थांबली.

त्याआधी चार ठिकाणांहून परत आला होता निबंध.
छाट.
हा शब्द मला तिसरीतच माहीत होता.
अम्मा हजार विड्या घेऊन कारखान्यात जायची,
चेकर मूठभर उचलून बाजूला टाकायचा,
त्यांचे पैसे नाहीत, विड्याही परत नाहीत.
मला निदान विड्या परत मिळायच्या.

कुंभारीच्या घरकुलात दारोदार फिरले मी.
नोरु तेरवंडी, म्हणायचे,
आणि मांडीवरचं सूप न हलवता,
बोटं न थांबवता
बायका तोंड उघडायच्या.
लाकडी चमच्याने गाल आतून खरवडायचा,
नळीवर आकडा लिहायचा.
नमुना क्रमांक सतरा अम्मा.

सतराच्या पेशीत केंद्रकाशेजारी
एक चिमुकलं दुसरं केंद्रक होतं,
विडीतून सांडलेल्या तंबाखूच्या कणाएवढं.
एकाच पेशीत नाही. मी मोजलं होतं.
तिने विचारलं, माझं काय निघालं?
मी म्हटलं, सरासरी निघाली, अम्मा.

छापील प्रत दाखवली तेव्हा तिने ती उलटसुलट केली.
किती पानं?
आठ.
किती दिवस लागले?
चार वर्षं.
आठ पानांना चार वर्षं! ती इतकी हसली
की दोरा सुटला हातातला.
मग तिने त्या प्रतीवर पानं कापायची कात्री ठेवली,
पंख्याने उडू नये म्हणून.
तिची पानं का माझी, ते कळलं नाही.

एकतीस वजा सहा, पंचवीस.
रकाना दहामध्ये लिहिलं.
आमच्याकडे पंचवीसचा एक कट्टा होतो,
लाल दोऱ्याने बांधला की टोपलीत.

तिला काय निघालं ते सांगायचा रकाना
अर्जात नाही.
मी मागची पानंही बघितली.

चारच्या सुमाराला लाइट आली.
फ्रीजरला एक उचकी लागली, मोठी,
सगळी खोली हलली.
आत अठ्ठावन्न नळ्या.
उणे साठ.
अजून उणे साठच.
मी स्टुलावरून उठले नाही.