वीस मिनिटं

वारा नसता, तर दोन तास चाळीस मिनिटं,
पोरगी म्हणाली.
वहीच्या मागच्या पानावर मांडलं तिनं:
चाल नव्वदची,
एकशेवीस जाणं, गुलबर्ग्याच्या जरा पलीकडे,
एकशेवीस येणं.

आणि पश्चिमेचा हा तीसचा वारा धरला, तर?

जाताना पाठीशी. तासात पोचते.
येताना तोंडावर. दोन तास.

मी चाळीस वर्षं माग चालवला.
धोटा जातो तेवढ्याच वेळात येतो,
म्हणून तर सोलापुरात चादर होते.
म्हणालो, भागी, तीस ढकलले, तीस अडवले,
फिटंफाट झाली की.
ती हसली.
नाना, ढकलतो तो एकच तास.
अडवतो दोन.

होटगीच्या धावपट्टीवर
वाऱ्याची पिशवी मीच शिवलेली,
उरलेल्या ठाणाची, लाल-पांढरी.
सकाळपासून आडवी, ताठ,
कुणी आतून हात घातल्यासारखी.

पंख लांब, इंजिन लहान,
आवाज आमच्या जुन्या कांडी-मशीनचा.
गेली तेव्हा वाऱ्यानं उचलूनच नेली,
बघता बघता ज्वारीच्या रानापलीकडे.
मला तेव्हाच धास्ती वाटली.
एवढं फुकट कोण देतं?

समोर वारा असला की नाक खाली करायचं,
वेग वाढवायचा, असं तिनं सांगितलेलं.
हळू गेलं तर पेट्रोल वाचेल असं वाटतं, नाना,
पण वारा तुमच्याहून सावकाश खातो.

अडीच तास.
टँकरवाला बसवराज चहा घेऊन आला.
पावणेतीन.
एमआयडीसीच्या पत्र्यांवर घारी चढत होत्या,
एकही पंख न हलवता,
आणि चढता चढता
प्रत्येक घिरटीला थोड्या अक्कलकोटकडे सरकत.
उंची मिळते ती अशी,
अंतर मोजून द्यावं लागतं.

मग तलावावर एक ठिपका.
हलेचना.
ताण्यात अडकलेल्या गाठीसारखा तिथंच.
इंजिन बंद केलं होतं बहुतेक,
आवाज नव्हता.
बसवराज म्हणाला, येतंय का जातंय?
मी पिशवीकडे बघितलं.
ती नेमकी तेव्हा ढिली पडली,
खांबाला चिकटली.
आता पडलास होय रे, मी म्हणालो.
दिवसभर कुठं होतास?

वहीत मी लिहिलं: तीन तास, चार मिनिटं.
वीस मिनिटं समजली होती.
वरची चार?

हेल्मेट काढत म्हणाली,
पत्र्यांवर एक घार होती, नाना.
तिच्यासोबत दोन फेऱ्या मारल्या.