दुसरं बटण

बोट रात्री नऊची. सामान बंदरावर ठेवून
जेनोवा बघायला निघाले तेव्हा
पाऊस नुसती विचारपूस करत होता.
सोत्तोरिपाच्या कमानींखाली तळणीचा वास,
कागदाच्या पुडीत कुरकुरीत मांदेली
(इथे नाव वेगळं आहे, काटा तोच).
बोटं पुसली, कमानी संपल्या,
आणि त्यानं विचारपूस थांबवली.

मग बोळ.
हात पसरले तर दोन्हीकडच्या घरांची ओल
तळव्यांना लागते.
वर सात मजले, आणि त्यांच्या फटीत
शिंप्यानं टाकून दिलेल्या चिंधीएवढं आभाळ.
त्या चिंधीत एवढं पाणी मावतं कसं?

इथे दोन उघड्या छत्र्या एकमेकींना ओलांडू शकत नाहीत.
त्याचा एक रिवाज आहे. कुणी सांगत नाही,
मानेवर पागोळ्या घेत शिकावा लागतो:
उंच माणसानं छत्री वर धरायची, बुटक्यानं खाली,
आणि उंची सारखीच असली
तर ज्याला घाई नाही त्यानं मिटायची.
पहिल्या तासात सात वेळा मीच मिटली.

नकाशा घड्यांवर फाटला.
कॅथेड्रल एका तुकड्यात, मी दुसऱ्यात.
कोपऱ्यावरच्या कोनाड्यातली मरियम
तीन वेळा भेटली;
तिसऱ्यांदा मी मान लववली,
आता ओळख होती.

तिच्याच समोर एक दुकान.
दारात म्हातारी, हातात लोखंडी फळी,
फळीचं एक टोक खाचेत, दुसरं कुठेच नाही.
तिनं मला हाक मारली, घरच्या माणसाला मारतात तशी,
त्रासून.
मी टोक धरलं. फळी बसली.
‘आल्लेर्ता,’ ती म्हणाली,
मग हातानं स्वतःचा गुडघा दाखवला,
थोडा विचार केला, आणि कंबर दाखवली.
त्या साली. इथवर.

काचेवर नाव देल्फीना. ते सासूचं.
हिचं ओर्तेन्सिया.
आत छतापर्यंत लहान लहान खण,
प्रत्येक खणावर नमुन्याचं एकेक बटण शिवलेलं:
शिंगाचं, पितळेचं, कापडानं मढवलेलं, एक निळ्या काचेचं.
खालच्या तीन ओळी मात्र रिकाम्या.
लाकूड तिथे अजून फुगलेलं,
खण ओढला की कण्हतो.
तळाच्या एकाच खणात काहीतरी खुळखुळलं.
शिंपल्यांची बटणं.
तिनं ओंजळीत घेऊन दाखवली,
बंदराच्या दिशेनं हनुवटी उडवली:
ही तिकडचीच. यांना कसली भीती?

माझ्या कोटाचं दुसरं बटण हरवून महिने झाले होते.
मी मफलरनं झाकत आले होते, इतकं सवयीनं
की मलाच ठाऊक नव्हतं.
तिला दिसलं.
सुई ओवून ती थेट माझ्या छातीशी आली.
अंगावर शिवू नये म्हणतात.
शिवलंच, तर दातांत काडी धरावी.
काडी नव्हती. मी नकाशाचा तुकडा धरला,
कॅथेड्रलचाच निघाला.
तिनं काही विचारलं नाही,
वाकून दातांनी दोरा तोडला
आणि एक युरो वीस घेतले.
पावती दिली.
फळी ओलांडताना मला कोपरानं आधारही दिला,
पण पावती आधी.

कॅथेड्रल शेवटी सापडलं. बंद झालं होतं.
काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या भिंती
पाण्यानं एकाच रंगाच्या वाटत होत्या, जवळजवळ.
पायरीवरच्या दगडी सिंहाच्या नाकावरून
थेंब पडत होता, थांबत होता, पडत होता.
मी थोडा वेळ त्याच्याबरोबर उभी राहिले.
परतताना बोळात एक लांब पोरगा समोरून आला.
त्यानं छत्री उचलली, मी खालून गेले.
त्याची पागोळी माझ्या छत्रीवर वाजली.

रात्री पाणी चढलं का, मला कळलं नाही.
बंदराचे दिवे गेले तरी पाऊस होताच.
केबिनमध्ये कोट हुकाला टांगला,
खाली तांब्याएवढं तळं साचलं.
पहाटे हात लावून पाहिला:
बाह्या ओल्या, कॉलर ओली,
दुसरं बटण कोरडं.