वजा आर

दापोलीतल्या माझ्या खोलीतून हर्णै दिसत नाही.
मधे आसूदची घाटी, सुपारीच्या वाड्या,
आणि या वेळी एसटी नाही.
पण टर्मिनलची काळी खिडकी उघडली
की मी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात उभी असते,
फक्त अमोनियाचा वास तेवढा येत नाही.

मशीन सहाशे अकरा दिवस जागं आहे.
मिठाच्या पाण्याच्या टाक्यांचं तापमान लिहितं,
कुठल्या बोटीला किती लाद्या, त्याच्या चिठ्ठ्या काढतं.
दुपारपासून चिठ्ठ्या बंद.
एक प्रोसेस प्रिंटरची वाट बघत बसलीय.
किल म्हटलं, ढिम्म. किल वजा नऊ, तरी ढिम्म.
वाट बघत असलेल्याला मारता येत नाही,
युनिक्सचा नियम आहे.

पहाटे चारला बोटी बर्फ भरणार.

सिंक. सिंक. सिंक.
खरं तर एकदा पुरतं.
तीनदा लिहायला शिकवलं नेवरेकर सरांनी.
का, असं विचारलं तर म्हणाले,
गाऱ्हाण्याला एकदाच होय महाराजा म्हणतेस का?

शटडाऊन. वजा.
इथे बोट अडतं.
एच लिहिलं तर थांबेल, आणि थांबूनच राहील.
आर लिहिलं तर थांबेल आणि पुन्हा उठेल.
गेल्या शिमग्यात मी एच दाबलं होतं.
मग झोपेतून उठवलेले युसूफभाई फोनवर:
"बाय, कुठला बटन? हिथं तीन हायत."

आपल्यात उंबऱ्यावर कुणी जातो म्हणत नाही.
जेट्टीवर तर नाहीच.
चुकून म्हणालाच एखादा,
तर दोर सोडायच्या आधी
त्याच्याकडून येतो म्हणवून घेतात.

वजा आर. आत्ता. एंटर.

जोडणी तुटली.

पिंग. काही नाही.
पिंग.
इतक्या दिवसांनी उठतंय, डिस्क तपासत असेल,
खण न् खण उघडून.
किंवा उठलंच नसेल.
इथून दोन्ही सारखंच दिसतं.

पाजपंढरीची हेमांगी चोगले
नवरा बोटीवर असला की त्याला फोन लावत नाही.
म्हणते, रेंज नसलेला फोन काय नि बुडालेला काय,
आतून तीच बाई बोलते.
मी मात्र लावतेच आहे. दर सेकंदाला एक.
दोनशे चाळीस. दोनशे एकेचाळीस.
चहाचं भांडं विसळलं.
तीनशे सात.

चौसष्ट बाइट.
मग पुन्हा चौसष्ट, मग ओळीने येतच राहिले,
जणू मधे काही झालंच नव्हतं.
आत शिरून विचारलं, किती वेळ जागं आहेस?
एक मिनिट, म्हणालं.
सहाशे अकराचा हिशोब त्याच्यापाशी नाही.

एक वाजून दहा. युसूफभाईंचा फोन:
"बाय, चिठ्ठी आली."
मी श्वास सोडते तोवर,
"पण कोरी हाय. रिबीन संपली वाटतं."