तुटलेल्या तारांची वही

आमच्या भाषेत बापाला मामा म्हणतात, आईला देदा.
माझा मामा, ओतार ग्वेलेसिआनी,
रोपवेचा इंजिनिअर.
वरच्या मँगनीजच्या खाणीपासून
खाली नदीकाठच्या पाचमजली इमारतींपर्यंत
एकतीस वर्षं
हवेतून माणसांची ने-आण केली त्यानं.

दोर तपासताना
लाकडी काठीचं एक टोक दोरावर ठेवायचा,
दुसरं कानाला,
आणि डोळे मिटून ऐकत राहायचा.
वाझाच्या वेळी देदाच्या पोटालाही
हीच काठी लावली होती म्हणे.
देदानं ती हिसकावून चुलीत घालायची धमकी दिली.

वही अजून आहे. पानोपानी ग्रीसची बोटं.
'दोर तीन. दुसऱ्या बुरुजापाशी तुटलेल्या तारा: चार.'
'दोर तीन. तारा: पाच. लक्ष ठेवणे.'
'उणे नऊ. वारा नाही. लमाराचा पहिला दात पडला.'
दात कुठल्या बुरुजापाशी पडला
तेवढं लिहायचं राहिलंय.

म्हणायचा, दोर एकदम तुटत नाही गं.
एकेक तार जाते.
आपण मोजत राहायचं
आणि वेळेत दोर बदलायचा. एवढीच इंजिनिअरिंग.

दर मंगळवारी तपासणी झाली
की पहिल्या फेरीत आम्हा दोघांना बसवायचा.
बायका ओरडायच्या, बाप आहेस की कोण!
तो दार लावून घ्यायचा, हात हलवायचा.
मला फार उशिरा कळलं,
ती त्याची सही होती.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात वीज गेली ती गेलीच.
दरीच्या मधोमध लटकलेली पेटी,
आत नऊ माणसं आणि एक बकरी.
मामा आणि आणखी चौघं
हातानं चाक फिरवत होते,
सहा तास.
त्या दिवशी मला पंधरावं लागलं होतं.
मध्यरात्री आला, बोटं मिटत नव्हती,
खिशात बकरीवाल्यानं दिलेली चुर्चखेला,
अक्रोड ओवलेली, द्राक्षाच्या रसात घोटलेली.
व्हर्नियर लावून तिचे चार तुकडे केले.
तीन सारखे. चौथा मोठा, तो त्यानं स्वतः खाल्ला.
भूक लागली होती त्याला.
संत नव्हता माझा मामा.

पगार थांबले तेव्हा रेडिओवर ओरडायचा,
वाझाच्या गणितावर ओरडायचा,
मग खालच्या मजल्यावरच्या म्हातारीचा स्टोव्ह
फुकट दुरुस्त करून यायचा
आणि घरचा नळ गळत असायचा.

पुढे देदा शब्द विसरायला लागली.
त्यानं नवं पान काढलं.
'नानुली. आज गेले: मीठ. शेजारीण. एकूण दोन.'
'एकूण सात. लक्ष ठेवणे.'
'सकाळी केस विंचरले. रुळली. एकूण सात, वाढ नाही.'
'मला पाहुणे म्हणाली. चहा केला. दोघं बसलो.'
त्याखाली एक ओळ खोडलेली,
इतकी खोडलेली की कागद फाटलाय.
उजेडासमोर धरली, तरी वाचता येत नाही.

काल त्याच्या नावानं लांब टेबल मांडलं.
मोठ्या आवाजाच्या माणसानं पेला उचलला,
आम्ही पावावर वाइनचे थेंब सोडले.
कोणी म्हणालं, पोलादाचा माणूस होता.
वाझा पुटपुटला, पोलाद उन्हात वाढतं,
हेही त्यानंच शिकवलं.

आता काचेच्या नव्या पेट्या धावतात,
दोर कुठलं तरी यंत्र तपासतं.
जुन्या स्टेशनात जाऊन मी काठी लावली.
काही ऐकू आलं नाही.
थोडा वारा असेल. किंवा माझंच रक्त.

वहीची शेवटची पानं कोरी होती.
तारीख घातली. मग हवामान:
'अधिक चार. पश्चिमेचा वारा.
दातो आज पहिल्यांदा एकटा रोपवेत बसला.
मी खाली उभी होते.'