मानेवरची काजळी

पुंगळी पुसायची नाही.
हे मला पहिल्याच दिवशी कळलं, म्हणजे
ओढणीच्या टोकानं मी एक चकचकीत केली तेव्हा.
"बयान पुसलं तू, बाई," निखाडे साहेब म्हणाले,
"आता हे नुसतं पितळ. टाक भंगारात."

वाडीच्या पलीकडे, चाचणीच्या शेडमध्ये
सत्तावीस वर्षं ते रिकामी काडतुसं वाचतात.
देठाला धरावं तसं बुडाशी धरून
खिडकीकडे फिरवतात.
तोंडाशी नखभर काळं: ठीक.
मानेपर्यंत: बघू.
खांद्यावरून खाली ओघळलं, तर
पितळ वेळेवर फुगलं नाही,
कोठीच्या भिंतीला बिलगलं नाही,
धूर मागं फिरला.
"कुकरचं रबर कडक झाल्यावर काय होते?
शिटी होत नाई, बाजूनं फसफसते. तसंच."

डिसेंबरात ते आधी पहाटेचं तापमान विचारतात.
थंडीत बारूद आळसावते, दाब पडतो,
काजळी वाढते, त्यात कोणाचा गुन्हा नाही.
ओली, चिकट असली तर कोणीतरी
कोठीत तेल राहू दिलंय.

पण हा लॉट आला मे महिन्यात.
पत्र्याखाली सेहेचाळीस,
कूलरची ताटी दुपारीच कोरडी.
अशा उन्हात दाब चढतोच.
तरी वीसपैकी अकरा
खांद्यापर्यंत काळ्या. कोरड्या.

साहेबांनी पक्कड दिली. "मान दाब."
लवली नाही. तडकली.
ज्योतीत मऊ झालेल्या मानेवर
एक पट्टा राहतो,
रॉकेल सांडलेल्या पाण्याच्या रंगाचा.
इथं नव्हता.

रजिस्टर आलं.
बर्नर चार, तिसरी पाळी, सतरा फेब्रुवारी.
सही वाचायला भिंग लागलं नाही.
उईकेतल्या 'उ'ची एवढी लांब शेपटी
आख्ख्या फॅक्टरीत मीच काढते.

ज्योत पिवळी होती त्या रात्री. मी पाहिली होती.
जाळी काढून ठोकायची, दहा मिनिटांचं काम.
घरी धनश्रीला ताप,
मी घड्याळाकडे बघत राहिले
आणि पितळ पुढे सरकत राहिलं, कडकच्या कडक.

साहेबांनी नाव वाचलं. चष्मा पुसला.
'काऊन' विचारलं नाही.
कारणाचा रकाना माझ्याकडे फिरवला,
इतका अरुंद, की त्यात लेकराचा ताप मावत नाही.
मी लिहिलं: जाळी तुंबलेली. ज्योत पिवळी. माहीत होतं.

"शेवटचे दोन शब्द कोणी मागितले नव्हते," ते म्हणाले.
खोडले मात्र नाहीत.