पालला, माकडं बघायला

"पैशे खर्चून माकडं पाह्याले?"
बाबा आधी ओट्यावरून उठलेच नाहीत.
माझे सासरे, तोताराम चौधरी,
केळीच्या बागेतून माकडं हाकलण्यात
चाळीस वर्षं गेली त्यांची.
गोफण अजून खुंटीला आहे न्हाणीजवळ,
तिच्यावर मी पोरीची दुपटी वाळत घालते.

पण शाल्मलीनं बोट धरलं,
आणि दीड वर्षाच्या मुठीपुढे
अपील चालत नाही.

फैजपूरहून निघालो तेव्हा पौषातलं धुकं
केळीच्या पानांवरून उतरायचं होतं.
डब्यात भरीत, कळण्याच्या भाकरी,
शाल्मलीसाठी मऊ खिचडी, जी तिनं
सावद्याच्या अलीकडेच सीटला भरवली.
वाटेत जे दिसेल ते "हूप".
म्हैस हूप. ट्रॅक्टर हूप.
टपरीबाहेर दाढी करून घेणारा माणूसही हूप,
त्यानं फेसातूनच हात केला.

पालला पोचलो तर एक माकड नाही.
सुकीच्या धरणावर गेलो, तिथेही नाही.
सागाची पानं, सुपाएवढी, वाळलेली,
पायाखाली पापडासारखी मोडत होती
आणि शाल्मलीला तेवढंच पुरे होतं.
तास झाला, ती पानं मोडतेय.
हेमराज मोबाइल उंच धरून झाडं तपासतोय,
जणू माकडं रेंजमध्ये येणार आहेत.
बाबा म्हणाले, "हाका नका मारू.
ऊन सालईवर येऊ द्या."
त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार
त्या जातीचं वेळापत्रक?

ऊन सालईवर आलं.
एक फांदी हलली, मग दुसरी,
मग झाडालाच शेपट्या फुटल्या.
शाल्मली गप्प. "हूप" सुद्धा नाही.
ज्यांच्यासाठी शब्द राखून ठेवायचा
त्यांच्यावरच नेमका संपला होता.

एक मादी खाली उतरली, पोटाला पिल्लू,
त्याचे कान मोठ्यांच्या मापाचे,
उन्हात आरपार गुलाबी.
रस्त्याकडेच्या कठड्यावर बसली
एक पाय दुमडून, मी बसते तशी.

आणि बाबा वाकले.
नकळत. चाळीस वर्षांचा हात तो,
त्याला कोण सांगणार आज सुट्टी आहे?
उठले तेव्हा मुठीत दगड होता.

शाल्मलीनं पाहिलं. तीही वाकली,
बुडावर पडली, उठली, दगड निवडला
लिंबाएवढा,
आणि चालत गेली, हात पुढे,
घरी सगळ्यांना सगळं देते तशी,
चमचा, चप्पल, चघळलेलं बिस्कीट:
"घे."

मी धावले. हेमराज धावला. बाबा नाही.
मादीनं दगडाकडे पाहिलं,
मग पोरीकडे, मग
पोरीच्या डोक्यावरून पलीकडे, बाबांकडे,
बराच वेळ.
मग वर गेली पिल्लासकट,
घाई नसल्यासारखी.
शाल्मलीला काही वाईट वाटलं नाही.
तो दगड ती माझ्या तोंडात घालू लागली.

जेवताना बाबांनी भाकरी मोडली, खाल्ली नाही.
"येकदा लागला व्हता," म्हणाले,
कुणाकडेही न बघता,
"लहानग्याले. म्या हुप्प्याले मारला व्हता.
तीन दिवस घेऊन फिरली ती, बांधाबांधानं.
चौथ्या दिशी मी बागेत गेलोच नाही."
हेमराज तेव्हा किती वर्षांचा असेल,
मी मनात हिशोब करत राहिले.
कांद्याच्या पातीवर मुंग्या आल्या.

परतताना कळलं, पोरीचा एक बूट नाही.
पिवळा, मागच्याच आठवड्यात घेतलेला.
"वळवू का गाडी?" हेमराज म्हणाला.
"राहू दे," मागून बाबा,
मांडीवर झोपलेला तो उघडा पाय
तळहातानं झाकत.
"त्याइचं बी काही हाये आपल्याकडं."
"काय?"
"काही नाही. पुढं पाहून चालव.
सावद्याचं ब्रेकर आलं."