थिंबलबाईचा पंथ

टॉडमॉर्डनला, तळलेल्या माशांच्या दुकानावरच्या खोलीत
दर गुरुवारी साडेसातला जग सुरू होतं.
मॅल्कम ऍक्रॉइड, निवृत्त बसचालक,
निळ्या फाइलीतून देव काढतो.
एकेका देवाला एकेक पान,
पानाला प्लास्टिकचं पाकीट,
कारण व्हिनेगर उडतं.

पान चार : ओमुर्ग. क्षेत्र : वीज, सूड, कर्जवसुली.
पान नऊ : संत पिल्क. बिअरच्या पिंपात बुडून मेला,
उशिरा उठणाऱ्यांना पावतो.
पान अकरा कोरं.
त्या देवाचं नाव लिहिलं की शाई उडून जाते, म्हणे.
हे सांगताना मॅल्कम जराही हसत नाही.

मी धोंडू. उंची तीन फूट दोन इंच, पेशा चोरी,
धर्म : नाही.
मॅल्कम डॉन्डू म्हणतो, मी दुरुस्त करणं सोडलंय.
दिवसा मी हॅलिफॅक्सच्या इस्पितळात
लोकांच्या हाडांचे फोटो काढतो.
मिरजेला आमच्या घरी देव्हाऱ्याच्या कोनाड्यात
शब्दकोशाचे खंड होते.
बाबा म्हणायचे, हात जोडण्यापेक्षा धुवावेत.
धुतो. दिवसातून चाळीसदा.

पान सव्वीस विनिफ्रेडच्या अक्षरात.
एक्क्याऐंशीची. गिरणीत असताना
कापडातल्या गाठी काढून रफू करायची.
थिंबलबाई. क्षेत्र : भोकं.
चिन्ह : अंगुस्तान.
देऊळ : नाही. दिव्याजवळ कुणी सुई ओवत बसलं की तेच.
व्रत : लढाईला निघण्याआधी
दुसऱ्याच्या कपड्याला एक टाका घालणे.
भक्त : एक.

कॅलम ओरडायचा, विनी, ड्रॅगन आलाय, ड्रॅगन!
आणि ती त्याच्या, खऱ्याखुऱ्या कॅलमच्या,
जाकिटाची बाही ओढून घ्यायची.
ड्रॅगन थांबायचा.
मॅल्कमच्या जगात ड्रॅगनांनाही रीतभात होती.

फेब्रुवारीत ती गेली.
मार्चमध्ये आम्ही पुन्हा जमलो, चार खुर्च्या, पाचवी कोटांसाठी.
नियम मॅल्कमनेच लिहिलेला :
ज्या देवाला भक्त उरला नाही त्याचं पान काढायचं.
पान पाकिटातून अर्धं बाहेर आलं
आणि तिथंच राहिलं, त्याच्या बोटांत.

थांब, मी म्हणालो, धोंडू दीक्षा घेतो.

चोराला अठरा लागतात, झुबेर म्हणाला,
वीस बाजूंच्या फाशावर अठरा.
आणि प्रार्थना. मोठ्यानं.

हात कुठं ठेवायचे कळेना. टेबलाखाली धरले.
मराठीतच बोललो, दुसऱ्या भाषेत लाज वाटली असती :
बाई, मला तुझं काही ठाऊक नाही.
मला बटणापुरतं शिवता येतं.
मोडलेलं हाड जुळतं ते मी रोज बघतो,
कोण जुळवतं विचारायची आमच्यात पद्धत नाही.
तू नसशील तर नस.
पण फाइलीत राहा.

फासा चिप्सच्या कागदावरून घरंगळत
मॅल्कमच्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेला.
तो बघत राहिला,
थांबा सोडल्यावर धावत येणाऱ्या उतारूकडे
आरशातून बघावं तसा.
अठरा, तो म्हणाला.
बरोब्बर अठरा? झुबेरनं मान उंचावली.
फासा तोवर मॅल्कमच्या मुठीत होता.

पान सव्वीसवर त्यानं रबरानं 'एक' खोडलं,
पेन्सिलीला टोक केलं,
आणि 'एक' लिहिलं.

मग गुहा. मग पाण्याखालचा जिना.
मग ते, ज्याचा श्वास आधी ऐकू येतो.
कॅलमनं काही न बोलता बाही पुढे केली.
खाली दुकानाचं शटर पडत होतं.
विनीचा सुईदोऱ्याचा डबा अजून खिडकीतच,
मला दोरा ओवता येईना.
दिवा मंद आहे, मी म्हणालो.
टेबलापलीकडून झुबेरनं मोबाइलचा उजेड धरला.

ड्रॅगन थांबला होता.